लाल गृहावरची कविता

गेल्या महिन्यात नाशकात एका काव्यस्पर्धेची जाहिरात हातोहात फिरली. विषय ‘विज्ञान, अद्भुत आणि भविष्य’. प्रवेशमूल्य कवितेमागे ३०० रुपये, निवडक कवितांचा प्रातिनिधिक संग्रह आणि सहभागी प्रत्येकाला प्रमाणपत्र. एरवी अशा जाहिराती येतात नि जातात. या वेळी विषय जरा वेगळा होता म्हणून की काय, गावातल्या कवींमध्ये तट पडले आणि ते अजून भांडताहेत. एक तट म्हणतो, कवीकडून पैसे घेणं ही उघड लूट आहे, असल्या स्पर्धा बंद पाडल्या पाहिजेत. दुसरा म्हणतो, ३०० रुपयांत नवोदिताला व्यासपीठ मिळतंय तर तुमच्या पोटात का दुखतं? आणि या दोघांच्या मधून एखादे ज्येष्ठ कवी चहाचा कप खाली ठेवत म्हणतात, मंगळावरच्या कविता? त्या काय कविता असतात का?

मला हा सगळा वाद दाराशी भांडून घरात न शिरण्यासारखा वाटतो. ३०० रुपये घ्यावेत की नाही हा फार धाकटा प्रश्न आहे. ती कविता वाचणार कोण, ती नाकारण्याची हिंमत कुणाला आहे आणि छापल्यावर कवीच्या नात्यागोत्याबाहेरचा कोण ती विकत घेणार, हे तीन प्रश्न विचारा; शुल्काचा निकाल त्यातच लागतो. कल्पनेतल्या जगांची कविता, जिला मी माझ्यापुरती ‘जर-तरची कविता’ म्हणते, तिला तर हे प्रश्न जास्तच लागू आहेत. प्रेमाची किंवा आईवरची कविता वाचक नसला तरी कशीबशी तगते. जर-तरच्या कवितेला तिचे नियम ओळखणारा वाचक आणि ते मोडले तर कान पकडणारा संपादक नसेल, तर ती जन्मतःच कोमेजते.

हे मी कडेला उभं राहून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रातिनिधिक संग्रहासाठी मी ८०० रुपये भरले होते. संयोजकांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तसे पुष्कळ आहेत. कविता मंगळावर वस्तीला गेलेल्या एका बाईची होती. तिथे पाऊस नाही, म्हणून ती नाशकातून नेलेल्या मातीच्या पुडीवर दर ज्येष्ठात चार थेंब पाणी टाकते नि वास घेते. कवितेत ‘लाल ग्रह’ तीनदा येत होता. संग्रह हातात पडला तेव्हा तिन्ही ठिकाणी ‘लाल गृह’ छापलेलं. मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रुफं, मला कुणी दाखवली नव्हती. मी पोटापाण्यासाठी मुद्रितंच तपासते, हा विनोद वेगळा. पण खरी गंमत पुढे झाली. प्रकाशन समारंभात प्रमुख पाहुण्यांनी माझ्या कवितेचा आवर्जून उल्लेख केला: ‘ताईंनी लाल विटांच्या माहेरघराचं फार हृद्य चित्र उभं केलं आहे.’ टाळ्या झाल्या. मी शाल घेतली, श्रीफळ घेतलं आणि घरी आले. कवितेत ऑक्सिजनच्या नळ्या होत्या, दोन चंद्र होते, पृथ्वी निळ्या टिकलीएवढी दिसत होती. माहेरघरात दोन चंद्र कसे, हा प्रश्न ना जुळाऱ्याला पडला, ना संपादकाला, ना परीक्षकाला, ना पाहुण्यांना. म्हणजे चार पायऱ्यांवर चार माणसं उभी होती आणि कविता एकानेही वाचली नव्हती.

असं का होतं, ते हिशेबात आहे. समजा, ४० कवी, प्रत्येकी ८०० रुपये. झाले ३२,००० रुपये. पुस्तक काढलं २०० प्रतींचं. प्रत्येक कवीला दोन, म्हणजे ८० प्रती गेल्या. काही पाहुण्यांना, काही वर्तमानपत्रांना. उरलेल्या सुतळीने बांधून संयोजकांच्या माळ्यावर. अनोळखी वाचकाच्या हातात किती? बहुतेक एकही नाही. यात फसवणूक झाली असं म्हणवत नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत असतं. पण या व्यवहारातलं गिऱ्हाईक कोण ते पाहा. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘तुमची तिसरी ओळ पोकळ आहे’ असं कशाला सांगेल? जो पैसे देतो त्याला नाकारता येत नाही, आणि जिथे नाकारणं नाही तिथे संपादन नाही. प्रातिनिधिक संग्रहातला ‘प्रातिनिधिक’ हा शब्द मला नेहमीच कोड्यात टाकतो. कुणाचे प्रतिनिधी? पावती फाडलेल्यांचे?

इथवर वाचून पहिल्या तटाला वाटेल, ही आपल्या बाजूची आहे. तर तसंही नाही. शुल्क घेणाऱ्यांची बाजू आपल्याकडे नीट मांडली जात नाही, म्हणून मीच मांडते. सभागृहाचं भाडं असतं. परीक्षक धुळ्याहून, मनमाडहून येतो तर त्याचा प्रवासखर्च असतो, आणि त्याने दोनशे कविता वाचायच्या तर त्याला मानधन का नको? कवीने फुकट लिहायचं हे वाईट, तसंच परीक्षकाने फुकट वाचायचं हेही वाईटच. शुल्क नको म्हणाल तर पैसा आणायचा कुठून? मग एखादा बांधकाम व्यावसायिक किंवा भावी नगरसेवक पुढे येतो, आणि काव्यसंध्येच्या फ्लेक्सवर कवींपेक्षा त्याचा फोटो मोठा असतो. त्यापेक्षा कवींनीच वर्गणी काढली तर ते जास्त स्वाभिमानाचं नाही का? हा मुद्दा खराच आहे. अमेरिकेतल्या ज्या संस्थेचं नाव या प्रकारच्या कवितेत सगळ्यात आधी घेतलं जातं, ती सायन्स फिक्शन अँड फँटसी पोएट्री असोसिएशनसुद्धा आपल्या वार्षिक स्पर्धेला थोडंसं शुल्क घेते.

पण ते कशाचं घेते? वाचण्याचं. ओळींच्या संख्येवरून तीन गट: दहा ओळींपर्यंत, अकरा ते एकोणपन्नास, आणि पन्नासच्या पुढे. प्रवेशिका कवीचं नाव झाकून परीक्षकापुढे जातात, मोजके विजेते निघतात, बाकीच्यांना काहीही मिळत नाही. प्रमाणपत्र नाही, दोन प्रती नाहीत, शाल तर नाहीच. शुल्क भरूनही कविता पडू शकते, हीच त्या शुल्काची अब्रू आहे. वाचण्याचे पैसे घेणं आणि छापण्याचे पैसे घेणं यांत फरक आहे. डॉक्टर तपासणीची फी घेतो त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने ‘फी भरा, रिपोर्ट उत्तम येईल’ म्हटलं तर आपण त्या दवाखान्याची पायरी चढू का?

त्याच संस्थेचं दुसरं काम मला स्पर्धेपेक्षा जास्त शिकण्यासारखं वाटतं. सुझेट हेडन एल्जिन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी ही संस्था १९७८ मध्ये सुरू केली आणि त्याच वर्षापासून ऱ्हिसलिंग पुरस्कार दिला जातो. नाव कुणाचं? रॉबर्ट हाइनलाइनच्या १९४७ सालच्या एका कथेतल्या, अंतराळयानांमधून गाणी म्हणत फिरणाऱ्या आंधळ्या कवीचं. या पुरस्काराला कवी प्रवेशिका भरत नाही. आदल्या वर्षी कुठे ना कुठे छापून आलेल्या कविता सभासद सुचवतात, आणि मग त्या कवितांचा एक संग्रह काढतात, कशासाठी, तर मत देणाऱ्यांना त्या वाचता याव्यात म्हणून! आपल्याकडे क्रम उलटा आहे. आपण आधी गौरव करतो, मग छापतो, आणि वाचायचं राहूनच जातं. २००६ पासून तिथे दहा किंवा त्याहून कमी ओळींच्या कवितेलाही वेगळा पुरस्कार आहे, ‘ड्वार्फ स्टार्स’ नावाचा. या सगळ्यामागे ना सरकार आहे, ना मोठी प्रकाशन संस्था. सभासदांची वर्गणी, नियतकालिक आणि चिकाटी, एवढ्यावर हे चाळीसहून जास्त वर्षं चाललंय.

परदेशातली उदाहरणं दिली की ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असं एक ठेवणीतलं उत्तर येतं. म्हणून आपल्याकडचं उदाहरण. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि नंतर उलगडा झाला की आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे नाव जयंत विष्णू नारळीकरांचं आहे. आपल्या नावाचा परीक्षकांवर दाब पडू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, आणि हस्ताक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ स्वतःचं नाव लपवतो, कारण त्याला प्रमाणपत्र नको होतं, निकाल हवा होता. त्या स्पर्धेने नुसतं बक्षीस वाटलं नाही. मराठीला एक कथाकार दिला, आणि विज्ञानकथेकडे साहित्याने पाहायला हवं अशी हवा तयार व्हायला हातभार लावला. पुढे ४७ वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्याच नाशकात भरलेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, ही चुटपुट इथल्या पुष्कळांना अजून आहे. एका चांगल्या स्पर्धेची पोच केवढी असते याचा यापेक्षा मोठा दाखला कुठे शोधायचा? आणि मग हेही विचारायला हवं की कथेला जे मिळालं ते कवितेला का मिळू नये.

आता दुसऱ्या तटाचा सगळ्यात बळकट मुद्दा. तो शुल्काचा नाहीच, तो दाराचा आहे. ते म्हणतात, तुम्ही संपादक हवा, नाकारणं हवं म्हणता, पण नाकारणाऱ्यांनी मराठीत आजवर कुणाला नाकारलं ते आठवा. सिन्नरची गृहिणी, एसटीतून निवृत्त झालेला वाहक, सुरगाण्याचा शिक्षक यांच्यासाठी पुण्या-मुंबईची दारं कधी उघडली? ८०० रुपयांत त्यांचं नाव छापून येतं, नातवंडांना दाखवता येतं. यात कुणाचं काय गेलं? या प्रश्नाला मी झटकून टाकू शकत नाही. त्या गृहिणीचा आनंद खोटा नाही, आणि प्रस्थापित नियतकालिकांच्या अभिरुचीविरुद्ध साठच्या दशकात जी बंडं झाली ती उगाच झाली नव्हती.

पण त्या बंडखोरांनी केलं काय? दार बंद आहे म्हणून त्यांनी दार नसलेलं घर बांधलं नाही. १९५५च्या सुमाराला अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या कवींनी ‘शब्द’ हे लघुअनियतकालिक, म्हणजे जमेल तेव्हा निघणारा छोटा अंक, सायक्लोस्टाइल करून काढलं. मग ‘असो’ आलं, ‘वाचा’ आलं, ‘येरू’ आलं. हे अंक अल्पायुषी होते, कागद सुमार होता, प्रती थोड्या होत्या. निवड मात्र ‘सत्यकथा’ या प्रस्थापित मासिकापेक्षाही कडवी होती. त्यांना दुसऱ्याचा संपादक नको होता, म्हणून ते स्वतः संपादक झाले. अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या. तोवर कोलटकर दोन दशकांहून जास्त काळ लिहीत होते. छोट्या प्रकाशनाचा अर्थ हा आहे: एका माणसाची ठाम आवड आणि ती पेलण्यापुरते पैसे. पावतीपुस्तक घेऊन बसलेल्या संयोजकाने स्वतःला लघुअनियतकालिकांचा वारसदार म्हणवून घेतलं की मला हसू येतं. सिन्नरच्या त्या बाईंनाही मी एकच विचारीन: तुमची कविता वाचून कुणी तुम्हाला एका तरी शब्दाबद्दल पत्र लिहिलं का? नसेल, तर तुमच्यासाठी दार उघडलं असं म्हणता येत नाही. तुम्हाला दाराच्या चित्रासमोर उभं करून फोटो काढला, इतकंच.

कविता छापायला पैसे लागतात हे खरं, पण ते कुठून आले याला महत्त्व आहे. कुसुमाग्रजांची, म्हणजे तात्यासाहेब शिरवाडकरांची, ‘विशाखा’ १९४२ मध्ये आली ती वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या खर्चाने काढली म्हणून. लक्षात घ्या, तात्यासाहेबांनी पैसे भरले नाहीत. त्यांच्या कविता वाचून वेडावलेल्या एका वाचकाने भरले. तो वाचक स्वतः मोठा लेखक होता ही आणखी एक गोष्ट. वाचकाच्या खिशातून निघालेला रुपया आणि कवीच्या खिशातून निघालेला रुपया यांवर नाशिक रोडच्या छापखान्यातला एकच शिक्का असतो, पण पुस्तकाच्या बाबतीत त्यांची किंमत वेगळी आहे.

आणि ‘विशाखा’चा विषय निघालाच आहे, तर चहाचा कप खाली ठेवणाऱ्या त्या ज्येष्ठांकडे वळते. मंगळावरच्या कविता या कविता असतात का, असं विचारता? नाशकात बसून? ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ कोण बोलतंय? एक ग्रह बोलतोय. ऐकतंय कोण? एक तारा. मधे शुक्र येतो, ध्रुव येतो, धूमकेतू येतो, लाजून लाल झालेला मंगळही येतो, आणि पृथ्वी त्या सगळ्यांना नाकारून ज्याच्या जवळ गेली तर जळून जाईल त्याच्याच भोवती फिरत राहते. खगोलाचा नियम आणि प्रीतीचा नियम एकाच ओळीत पाळायचा, ही जर-तरच्या कवितेची सगळ्यात अवघड कसरत. ती या गावच्या कवीने ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवली, आपण शाळेत पाठ केली आणि प्रेमकविता म्हणून फडताळात ठेवून दिली. त्याच्याही मागे जायचं तर त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीवर जा. त्यांच्या धाकट्या बहिणीने सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय: ‘मुंगी उडाली आकाशीं, तिनें गिळिलें सूर्याशीं’. पुढे वांझेला मूल होतं, विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पाया पडतो, माशी विते नि तिची घार होते, आणि हे सगळं पाहून मुक्ताई हसते. वारीत हा अभंग म्हणणाऱ्या कुणालाही ‘मुंगी सूर्य कसा गिळेल?’ असा प्रश्न पडल्याचं मी पाहिलेलं नाही. आपल्या वाचकाला अद्भुत झेपत नाही हे कुणी ठरवलं?

यावर उत्तर येईल की मुक्ताईचा अभंग अध्यात्माचं कूट आहे, त्याला विज्ञानकल्पनेच्या पंगतीत बसवणं म्हणजे ओढाताण. मान्य. मुक्ताईला अंतराळाशी कर्तव्य नव्हतं. मला एवढंच म्हणायचंय की अशक्य गोष्ट सरळ विधानासारखी सांगायची आणि तिच्यातून खरं काही दाखवायचं, ही रीत या भाषेच्या अंगवळणी पडलेली आहे. ती इंग्रजीतून आयात करावी लागत नाही. पण ज्येष्ठांचा याहून खरा आक्षेप मी ओळखते, आणि तो मला जास्त बोचतो. ते म्हणतात, ‘विज्ञानकविता’ म्हणून जे छापलं जातं ते वाचवत नाही. अगदी खरं आहे. रोबोटला ‘झोत’ आणि ‘पोत’ यांची यमकं, गुरुत्वाकर्षणाची आरती, प्रकाशसंश्लेषणाचा पोवाडा, शेवटी ‘विज्ञानाची कास धरा’. पाठ्यपुस्तकाला चाल लावली की कविता होत नाही. स्वीडिश कवी हॅरी मार्टिनसन यांनी १९५६ मध्ये वाट चुकलेल्या अंतराळयानावर १०३ सर्गांचं ‘अनियारा’ हे काव्य लिहिलं. १९७४ मध्ये, म्हणजे नारळीकरांची कथा स्पर्धेत आली त्याच वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. त्या काव्यात यानाची माहिती थोडी आणि परत न येण्याचं दुःख जास्त आहे. म्हणजे हा प्रकार हलका नाही, आपण तो हलका लिहितो. का लिहितो? आपल्या अशा स्पर्धांना परीक्षक दोन प्रकारचे मिळतात: विज्ञानाचे शिक्षक, जे माहिती बरोबर आहे का पाहतात, आणि गझलेतले किंवा भावकवितेतले जाणकार, जे पहिल्याच ओळीत ‘लघुग्रह’ दिसला की पान उलटतात. दोन्हीकडचं वाचलेला माणूस शोधायचे कष्ट कुणी घेत नाही.

हा माणूस मोठ्या प्रकाशकाकडे मिळायचा नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. कवितासंग्रहच मुळात खपत नाही. त्यात जर-तरची कविता म्हणजे न खपणाऱ्यातही कोपऱ्यातली. म्हणूनच छोटं प्रकाशन हवं. अशा कवितेचा वेगळा कप्पा केला तर ती गावकुसाबाहेरच राहील, अशी भीती काहींना वाटते. पण दलित कवितेने आधी स्वतःची नियतकालिकं काढली, मगच ती मुख्य रस्त्यावर आली. आजही नाशकात कवितेला विषयांची वाण नाही. गोदावरीचा पूर आपण दुतोंड्या मारुतीवर मोजतो: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. एखाद्या वर्षी पूर ओसरला आणि मारुती जागेवर नसला तर? तो पाण्याबरोबर खाली पैठणकडे चालत गेला असेल की वर धरणाकडे? पुढच्या सत्तर वर्षांनी सिंहस्थ भरेल तेव्हा रामकुंडात पाणी असेल का, आणि नसेल तर साधू कशात बुडी मारतील? हे मी फुकट देतेय, कुणीही लिहा. अट एवढीच की मारुतीच्या तोंडी पर्यावरणाचा निबंध घालू नका.

‘मग इंग्रजीतच लिहा की, तिथे मानधनसुद्धा मिळतं’ असं काही तरुण म्हणतात. मिळतं, हे खरं. ‘स्ट्रेंज होरायझन्स’सारखी नियतकालिकं कवितेला पैसे देतात, आणि तिथे कवीकडून काही घेत नाहीत. त्याच कुळातलं ‘समोवार’ तर अनुवादित कविता मूळ भाषेसकट छापतं, म्हणजे देवनागरी ओळ इंग्रजीशेजारी उभी राहू शकते. ज्यांना जमेल त्यांनी जरूर पाठवावं. तिथले नियम काटेकोर असतात: कविता आधी प्रसिद्ध झालेली बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी चारचौघांत कुठे टाकलेली कविताही ‘प्रसिद्ध’ धरतात. काव्यसंध्येच्या रात्रीच कविता जगाला दाखवून टाकायची आपली सवय तिथे नडते. यंत्राने लिहिलेलं पाठवलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं; फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या मासिकाला अशा यंत्रलिखित कथांच्या लोंढ्यामुळे लेखन स्वीकारणंच काही काळ थांबवावं लागलं होतं. पण इंग्रजीत जाणं हा एकेका कवीचा रस्ता झाला. मुंगीने सूर्य गिळला हे ज्या भाषेत आपसूक कळतं, त्या भाषेने आपली मुंगी परक्या अंगणात सोडून यावं का?

मराठीत हे परवडत नाही, हे मला पटत नाही. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे हजार-दोन हजार कुणी मागितले तर पावती मागा. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित आधी जाणकारांकडे वाचायला जातं आणि छपाईला पैसा मंडळाकडून येतो, कवीकडून जात नाही. पहिल्या कवितासंग्रहासाठी राज्य शासनाचा बहिणाबाई चौधरींच्या नावाचा पुरस्कार आहे. आणि स्पर्धेच्या माहितीपत्रकात तळाला बारीक अक्षरांत ‘सर्व हक्क संयोजकांकडे’ असं छापलेलं असतं ना, त्याला घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी आणि कवीच्या सहीनेच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतात. प्रवेशिकेवर सही करताना कविता दिली की हक्क दिले, एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात. आपण ती दोन मिनिटं प्रमाणपत्रावरचं नाव तपासण्यात घालवतो.

देशाच्या नोटा नि पोस्टाची तिकिटं ज्या गावात छापली जातात, त्या गावाला वर्षाला ३२ पानांची एक पुस्तिका, ३०० प्रती, जड वाटू नये. दहा-बारा कविता, त्याही नाव झाकून निवडलेल्या. वर्गणी वाचकांची, आगाऊ. कवीला दोन प्रती आणि थोडं का होईना मानधन. नाकारलेल्या प्रत्येक कवितेसोबत दोन ओळींचं कारण. हे सगळ्यात अवघड, आणि हे जमत नसेल तर बाकीचं करू नये. शुल्क घ्यायचंच तर वाचण्याचं घ्या, आणि संग्रहात येणाऱ्याकडून पुढे एक पैसाही घेऊ नका. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या गावात आहे. वाचणाऱ्यांचा तुटवडा असल्याचं सांगणाऱ्यांनी तिथे एखाद्या संध्याकाळी जाऊन बसावं.

त्या ३०० रुपयांच्या स्पर्धेत मी अजून भाग घेतलेला नाही. पण उगाच पूर्वग्रह नको म्हणून जाहिरातीवरच्या क्रमांकाला फोन केला. बोलणारा मुलगा फार अदबीने बोलला. मी विचारलं, परीक्षक कोण आहेत, आणि संग्रह कुठे विकायला ठेवणार? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘ते कळवतो ना, ताई. तोवर प्रमाणपत्रावर तुमचं नाव कसं लिहायचं तेवढं सांगून ठेवा.’